अदलाबदलीची नातवंडं

सकाळी दारावरची घंटा वाजली तेव्हा ग्लेनिस हेस्केथ टोस्टच्या कडा कापत होती. टिलीला कडा चालत नसत. एक जरी राहिली तरी अख्खा टोस्ट जमिनीवर. आज्जी बिचारी कापतेय आपली, नात खुर्चीत पाय हलवत बसली आहे, असा सगळा थाट.

दारात करड्या कोटातली एक बाई उभी होती. गळ्यात फोटोचं ओळखपत्र, काखेत फाइल.

“मिसेस ऑर्मरॉड?”

“शेजारी. ते हिरवं दार.”

“म्हणजे तुम्ही मिसेस हेस्केथ! मी पिकरिंग. मुलं सांभाळणाऱ्यांच्या तपासणीला आलेय. दोन्ही घरं आजच उरकायचीत. आधी त्यांच्याकडे जाते, मग तुमच्याकडे येते. चालेल ना?”

“न चालायला काय झालं?” ग्लेनिस म्हणाली. तिनं दार लावलं आणि दारालाच टेकली.

कारण टिली तिच्या स्वयंपाकघरात बसली होती, आणि कागदोपत्री टिली या घडीला शेजारी, रीटा ऑर्मरॉडच्या घरात असायला हवी होती.

आता हे त्रांगडं नीट सांगायला हवं, नाहीतर कोणाला वाटेल ही बाई भलतीच भित्री. इंग्लंडात सरकारचा कायदा असा, की आईबाप कामावर जात असतील तर मूल सांभाळण्याच्या खर्चातला मोठा वाटा कर-सवलत म्हणून त्यांना परत मिळतो. मात्र सांभाळणारी बाई सरकारदरबारी नोंदलेली हवी. बरं, ग्लेनिस नोंदलेली होती. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडून, संध्याकाळचे वर्ग करून, मुलाच्या घशात काही अडकलं तर पाठीवर कसं थोपटायचं ते रबरी बाहुलीवर शिकून तिनं ते प्रमाणपत्र मिळवलं होतं. पण टिली तिची सख्खी नात, आणि राहायलाही तिच्याच घरात. स्वतःच्या घरातलं स्वतःचं नातवंड सांभाळलं तर एक पेनी नाही. परक्याचं पोर सांभाळा, मिळेल. आजीच्या मायेला सरकार पैसे देत नाही, परकेपणाला देतं. काय म्हणावं या अकलेला!

शेजारच्या रीटाचंही तेच दुखणं. तिचा मुलगा क्रेग बस चालवायचा. बायको त्याला आणि पोराला टाकून ब्लॅकपूलला निघून गेलेली, म्हणून तो पोराला घेऊन आईकडे परत आलेला. त्याचा कॉनर चार वर्षांचा. आणि ग्लेनिसची मुलगी केरी हीसुद्धा एकटी. दोन वर्षं दारोदार फिरल्यावर तिला जवळच्या बर्नली शहरात दातांच्या दवाखान्यात मदतनिसाची कायमची नोकरी लागलेली.

संध्याकाळच्या वर्गातच दोघी म्हाताऱ्यांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. तुझं पोर मी घेते, माझं तू घे. केरीनं रीटाला पैसे द्यायचे, क्रेगनं ग्लेनिसला, आणि दोघांना सवलत मिळायची. वर्गातली मास्तरीणसुद्धा म्हणाली, “यात बेकायदा काही नाही. मुलं मात्र खरोखर त्या त्या घरी असली पाहिजेत हं.”

आणि होती की! सात-आठ महिने मागच्या अंगणातल्या कमरेएवढ्या भिंतीवरून रोज सकाळी देवाणघेवाण चालायची. टिली पलीकडे, कॉनर अलीकडे. पॅडिहॅम गावातल्या त्या गल्लीत लोक हसायचे, “काय गं, आज कोणाचा माल कोणाकडे?”

मग एका संध्याकाळी ग्लेनिस टिलीला आणायला गेली, आणि टिली येईना. रीटाच्या ॲप्रनला दोन्ही मुठींनी धरून बसली. ग्लेनिसनं उचललं तर पाठीची कमान करून रडायला लागली. “आज्जीऽ, आज्जीऽ!” हात पसरलेले रीटाकडे. रीटा हसली. वाईट मनानं नव्हे, पण हसली.

ग्लेनिसच्या काळजात तेव्हा जे लागलं ते लागलंच. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं रीटाला सांगितलं, टिलीला सर्दी आहे. तिसऱ्या दिवशीही सर्दी. चौथ्या दिवशी भिंतीशी उभी राहून सरळच म्हणाली, “तुझं पोर तुला, माझं मला. कागद चालतायत तसे चालू देत.”

“डोकं फिरलंय का तुझं?” रीटा म्हणाली. “कोणी बघायला आलं म्हणजे? केरीची सवलत जाईल, क्रेगची जाईल, आपली दोघींची नावं कटतील. आणि खायचं काय, भिंत?”

“कोण मरायला येतंय बघायला?”

“बाई गं, पाप तुझं आणि भागीदार मी,” रीटा म्हणाली. मुलाच्या सवलतीपायी ती गप्प बसली, पण त्या दिवसापासून बोलणं बंद. केरी सकाळी लवकर निघायची, संध्याकाळी यायची, तेव्हा टिली घरातच दिसायची. तिला या गोष्टीचा पत्ता नव्हता. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण काय उगाच पडली का?

पाच आठवडे असे गेले. आणि आता ती करड्या कोटाची बाई रीटाची घंटा वाजवत होती.

ग्लेनिसनं टिलीला टोस्टसकट उचललं आणि मागच्या दारानं अंगणात धावली. रीटा पलीकडे दोरीवर चादरी घालत होती. तिला घंटा ऐकूच आली नव्हती. कॉनर पायाशी बसून चिमट्यांची आगगाडी करत होता.

“रीटा!”

रीटानं मान वळवली नाही.

“रीटे, अगं तपासणीवाली आलीय! तुझ्या दारात उभी आहे!”

रीटाच्या हातातली चादर गळाली. क्षणभर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच बघत होत्या.

“आता आठवले होय मी?” रीटा म्हणाली, पण म्हणता म्हणता हात पुढे केले. “आण. आण लवकर.”

टिली भिंतीवरून पलीकडे गेली. कॉनरला रीटानं काखेत धरून अलीकडे सोडलं. त्याच्या हातात चिमटा तसाच होता.

“कॉनर, ग्लेन मावशीकडे थांब. शहाण्यासारखा राहा,” रीटा म्हणाली. मग ग्लेनिसला हळूच, दातओठ खात, “माझं घर बुडालं ना, तर या भिंतीवरून उडी मारून येईन आणि तुझ्या झिंज्या उपटीन. सांगून ठेवते.” आणि ओरडली, “आलेऽ! आले हो!”

ग्लेनिस कॉनरला घेऊन आत आली आणि खिडकीच्या पडद्याआड उभी राहिली. थोड्या वेळानं पलीकडच्या अंगणात पिकरिंगबाई आल्या. त्यांनी फाटकाची कडी ओढून बघितली, नळाखालच्या बादलीत पाणी नाही ना ते बघितलं. रीटाच्या कडेवर टिली. आणि टिली रडत होती. ती काही साधंसुधं रडत नव्हती. भोकाड पसरलं होतं, आणि बोट ग्लेनिसच्या दाराकडे.

“आज्जीऽ! आज्जीकडेऽ!”

म्हणजे बघा! पाच आठवडे ज्या हाकेसाठी ग्लेनिस झुरली, ती हाक आज येत होती. आणि आज ती गळ्याला फास होऊन येत होती. रोज जिच्याकडे राहते त्या बाईच्या कडेवर मूल असं आकांत करतं, हे तपासणीवालीनं बघितलं तर ती दोन आणि दोन चार करायला किती वेळ लावणार? ग्लेनिसचे पाय दाराकडे ओढत होते. एकदा जवळ घेतलं असतं तर पोर तत्क्षणी गप्प झालं असतं. तिनं सिंकची कड घट्ट धरून ठेवली.

“गप्प हो गं माझी राणी,” ती काचेशी पुटपुटली. “रीटाकडे बघ. जा तिच्याकडे. आज्जी म्हण तिला, काय हवं ते म्हण, पण गप्प हो.”

रीटानं घाई केली नाही. ती खाली बसली, पडलेली चादर उचलली आणि डोक्यावर घेतली. चादरीतून एक हात बाहेर काढला, मग दुसरा. टिलीचं रडणं अडखळलं. चादरीतून नाक बाहेर आलं. टिली हुंदके देत देत बघायला लागली. मग ती स्वतःच चादरीत शिरली, आणि आतून खिदळण्याचा आवाज आला. पिकरिंगबाईही हसल्या. त्यांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं.

ग्लेनिसला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन्ही खरं. पाच आठवड्यांनी भेटूनही रीटाला एक चादर पुरली होती.

पण रडत बसायला वेळ नव्हता. मागे कॉनर उभा होता. कोट अंगात, बूट पायात, चिमटा मुठीत. दारापासून पुढे आलाच नव्हता.

“कोट काढ ना, बाळा.”

“नको.”

“बिस्किट देऊ? मलईवालं?”

“मी किती वेळ आहे?” त्यानं विचारलं.

या प्रश्नाला काय उत्तर देणार? ग्लेनिसनं डबा उघडला, एकाऐवजी तीन बिस्किटं दिली. मग त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली, आणि जे आजवर कुठल्याही मुलाला तिनं शिकवलं नव्हतं ते शिकवायला लागली.

“हे बघ कॉनर, आता एक बाई येतील. त्यांनी विचारलं ना, तर सांगायचं, मी रोज येतो इथे. सांगशील ना?”

“पण मी नाही येत.”

“आधी यायचास की नाही? तेच सांगायचं. रोज येतो. म्हणून दाखव बघू.”

“रोज येतो,” कॉनर म्हणाला. बिस्किटं त्यानं खाल्ली नव्हती. हातात तशीच धरून होता.

पिकरिंगबाई आल्या त्या हसतमुखानं आल्या. जिन्याचं फाटक बघितलं, औषधांचं कपाट बघितलं, धुराची घंटा दाबून वाजवली. सगळं चोख होतं. ग्लेनिस कामात वाघीण, तिथे बोट ठेवायला जागा नव्हती. चहाचा कप घेऊन बाई टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, “शेजारी फारच छान चाललंय हो. तुमची नात किती रुळलीय त्यांच्याकडे! आधी थोडी रडली, पण मिनिटभरात खेळायला लागली.”

“हो,” ग्लेनिस म्हणाली. “लळा आहे तिला.” हे शब्द उच्चारताना जीभ कशी जड झाली, ते तिचं तिला ठाऊक.

“आणि हे महाशय कोण?”

कॉनरनं पाठ ताठ केली. “मी रोज येतो,” तो म्हणाला. अजून कोणी काही विचारलंही नव्हतं.

“हो का? मजा आहे बुवा. मग काल काय खेळलास?”

कॉनरनं ग्लेनिसकडे बघितलं. तिनं त्याला कालचं शिकवलंच नव्हतं. पोराच्या कपाळावर आठी पडली. तो विचार करत होता, अगदी मनापासून, ग्लेन मावशीला अडचण होऊ नये म्हणून.

“काल मी नव्हतो आलो,” शेवटी तो म्हणाला. “आधी यायचो. मग मी दुधाचा जग फोडला. निळा. म्हणून मला काढून टाकलं. पण मी आता शहाणा झालोय, म्हणून आज परत घेतलं.” आणि घाईघाईनं, “मी कोट नाही काढला. काहीच नाही फोडलं आज.”

पिकरिंगबाईंचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. मग त्यांनी ग्लेनिसकडे बघितलं. नजर कडक नव्हती. उलट सुटायची वाट दाखवणारी होती.

“या वयात मुलं काहीबाही रचून सांगतात,” त्या म्हणाल्या. “नाही का?”

एवढं ‘हो’ म्हणायचं होतं. ‘हो ना, भारी गोष्टी रचतो हा,’ असं म्हणून हसायचं होतं, की झालं. केरीची नोकरी वाचत होती, सवलत वाचत होती, रीटा वाचत होती, घर वाचत होतं. चार वर्षांचं पोर खोटारडं ठरलं असतं, तर त्यात कोणाचं काय जात होतं? उद्या विसरलाही असता.

ग्लेनिसनं तोंड उघडलं. आणि तिला कॉनर दिसला. तो रागावला नव्हता, घाबरलाही नव्हता. तो मान खाली घालून उभा होता, आपण पुन्हा काहीतरी चुकलो हे मान्य करून. याची आई गेली तेव्हाही तो असाच उभा असणार, ग्लेनिसच्या मनात आलं. तेव्हाही त्यानं कुठला तरी फुटलेला जग शोधून काढला असणार.

“नाही,” ती म्हणाली. “हा खोटं बोलत नाहीये.”

ती खुर्चीवरून उठली, कॉनरसमोर जमिनीवर बसली आणि बाईंकडे पाठ करून त्याच्याशीच बोलायला लागली. “कॉनर, ऐक माझ्या राजा. जग फुटला म्हणून मी तुला नाही पाठवलं. जगाचं काय घेऊन बसलास, दुकानात ढीगभर मिळतात. टिलीला तुझी आज्जी जास्त आवडायला लागली, आणि मला ते बघवेना. म्हणून मी टिलीला घरात कोंडून घेतलं आणि तुला येऊ दिलं नाही. तू काही केलं नव्हतंस. वाईट मी वागले. मघाशी तुला खोटं बोलायला लावलं तेही मीच.”

कॉनर बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत होता. “मग मी कोट काढू?” त्यानं विचारलं.

“काढ रे बाबा, काढ,” ग्लेनिस म्हणाली आणि तिचा बांध फुटला.

पिकरिंगबाईंनी तिला रडू दिलं. मग शांतपणे विचारलं, “किती दिवस चाललं हे?”

“पाच आठवडे. आणि रीटानं मला पहिल्या दिवशीच बजावलं होतं, तेही लिहा. ती माझ्यापायी अडकली.”

“अडकल्या असतील, पण मघाशी तुमची नात कडेवर घेऊन त्याच उभ्या होत्या ना माझ्यासमोर?” बाई म्हणाल्या. सुस्कारा टाकून त्यांनी पेन उचललं. “तुम्ही ‘हो’ म्हणाला असतात, तर मी पुढे विचारलं नसतं, मिसेस हेस्केथ. आता मला लिहावंच लागेल.”

“लिहा,” ग्लेनिस म्हणाली.

बाई पुन्हा रीटाकडे गेल्या आणि चांगल्या तासाभरानं त्यांची गाडी सुरू होऊन निघून गेली. मग रीटा भिंतीशी आली. टिली तिच्या कडेवर झोपली होती. झिंज्या उपटायचं तिनं काही काढलं नाही.

“मला लेखी ताकीद,” ती म्हणाली. “पुढच्या महिन्यात परत येणार, न सांगता. तुझं नाव कटणार. त्या आठवड्यांची सवलत दोघांकडून परत घेतील. क्रेग आज मला फाडून खाणार.”

“त्याचं मी भरते. दोघांचंही भरते.”

“कुठून भरशील, डोंबलाचं?”

“शाळेच्या स्वयंपाकघरात मघाशी फोन केला. माझी जागा अजून रिकामी आहे म्हणतात. सोमवारपासून या म्हणाले.” ग्लेनिसनं झोपलेल्या टिलीकडे बघितलं, घ्यायला हात पुढे केले नाहीत. “तू घेशील ना हिला? रोज, खरोखरची? तुझ्याकडे असली तर केरीची सवलत चालू राहील.”

रीटानं टिलीचं डोकं खांद्यावर नीट घेतलं. “घ्यायचीच आहे,” ती म्हणाली. “पोरीनं काय घोडं मारलंय कोणाचं? कॉनर कुठाय?”

“आत आहे. चौथं बिस्किट चाललंय.”

संध्याकाळी केरी आली. ग्लेनिसनं तिला कोटही काढू दिला नाही, दारातच सगळं सांगून टाकलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठेही स्वतःची बाजू न घेता. केरीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

“पाच आठवडे?” ती म्हणाली. “आई, माझी नोकरी गेली असती! माझ्यावर फसवणुकीची केस झाली असती! मी रोज त्या दवाखान्यात दुसऱ्यांच्या लाळेत हात घालते ते कशासाठी? आणि तू इथे बसून... कशासाठी गं? कशासाठी?”

केरी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. तिनं पायातले बूट ओढून काढले, एक या कोपऱ्यात फेकला, एक त्या. वरच्या खोलीत टिली झोपेत काहीतरी बडबडली आणि गप्प झाली.

“सोमवारपासून दिवसभर रीटाकडे,” केरी म्हणाली. राग ओसरला नव्हता, पण आवाज दमला होता. “चालेल तुला?”

“चालवून घेईन.”

केरीनं दोन्ही हातांनी तोंड चोळलं. “ती खूश असायची तिथे, आई. आपल्याकडच्यापेक्षा जास्त. मला दिसत होतं. तुला सांगायला माझी जीभ रेटली नाही.”

“मलाही दिसत होतं गं,” ग्लेनिस म्हणाली. “म्हणून तर केलं.”